नसेची गाठ: हैदराबादला निघण्याआधी आणि पोचल्यावर

नांदेड, परभणी, लातूर किंवा यवतमाळच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतला माणूस मेंदूच्या नाहीतर नसेच्या आजारासाठी निघाला, की पुष्कळदा मुंबईऐवजी हैदराबादची गाडी धरतो. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्यं वेगळी झाली तरी दवाखान्याची वाट फारशी बदलली नाही. अशा रुग्णाच्या पिशवीत एमआरआयचा रिपोर्ट असतो आणि त्यावर ‘श्वानोमा’, ‘न्यूरोफायब्रोमा’, ‘अकॉस्टिक न्यूरोमा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रश्नही तेच ते येतात: हा कॅन्सर आहे का? लगेच काढायची का? आमचं कार्ड तिकडे चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असंच आहे. नसांच्या बहुसंख्य गाठी साध्या असतात, त्या शरीरभर पसरत नाहीत. पण एवढं ऐकून निर्धास्त होणारा आणि एवढंही न ऐकता घाबरून ऑपरेशनला तयार होणारा, दोघंही नुकसानीत जातात. गाठ कोणत्या नसेवर आहे, ती नस काय काम करते आणि उपचारानंतर त्यातलं किती काम शिल्लक राहील, यावर निर्णय ठरतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर हाच प्रश्न सर्वांत आधी विचारा.

रिपोर्टवरचं नाव काय सांगतं

- श्वानोमा: नसेच्या आवरणातल्या श्वान पेशींपासून होणारी गाठ. ती नसेच्या तंतूंना बाजूला सारत वाढते, त्यांच्यात मिसळत नाही. म्हणून सराव असलेला सर्जन आवरण उघडून, शेंगेतून दाणा काढावा तशी ती काढू शकतो आणि नस बहुतेक वेळा वाचते.
- अकॉस्टिक न्यूरोमा: हाही श्वानोमाच, कानाकडे जाणाऱ्या आठव्या नसेच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेवरचा. आता बरेच डॉक्टर त्याला ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ लिहितात. दोन रिपोर्टांवर ही दोन नावं दिसली म्हणून दोन आजार झाले असं समजू नका.
- न्यूरोफायब्रोमा: यात गाठीच्या पेशी नसेच्या तंतूंमध्ये मिसळलेल्या असतात, त्यामुळे नस वाचवून गाठ काढणं अवघड जातं. कातडीतली एखाददुसरी मऊ गाठ निरुपद्रवी असते. गाठी अनेक असतील आणि अंगावर फिकट तपकिरी डागही असतील, तर ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस’ या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते.
- मॉर्टन न्यूरोमा: तळपायात, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधे. ही खरी गाठ नव्हेच. सतत दाबली जाऊन नसेभोवतीची जागा जाड होते. चालताना बुटात खडा अडकल्यासारखं वाटतं, बूट काढून पाय चोळला की बरं वाटतं.
- कापलेल्या नसेचा न्यूरोमा: अपघातात, मळणी यंत्रात किंवा शुगरमुळे हात-पाय कापावा लागल्यावर नसेचं टोक वाढायला जातं आणि वाट न सापडल्याने तिथेच त्याचा गुंता होतो. त्या जागेवर टिचकी मारली तरी वीज गेल्यासारखी कळ येते.
- एमपीएनएसटी: नसेच्या आवरणाचा कॅन्सर. हा दुर्मिळ आहे, पण न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारात आयुष्यभरात साधारण दहातल्या एकाला होण्याचा धोका असतो. म्हणून त्या रुग्णांनी नियमित तपासणी सोडायची नाही.

कशामुळे होते

बहुतेक श्वानोमांमागे बाहेरचं कुठलंच कारण सापडत नाही. २२व्या गुणसूत्रावर ‘एनएफ २’ नावाचा जनुक असतो, पेशीच्या वाढीला लगाम घालणारा. एखाद्या श्वान पेशीत तो बिघडला, की ती पेशी वाढत राहते. हा बिघाड बहुधा आयुष्यात केव्हातरी त्या एकाच पेशीत होतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडेही जात नाही. वात, दृष्ट, खाण्यातली चूक, जुना मुका मार यांचा श्वानोमाशी संबंध नाही, आणि तो लागण होऊनही होत नाही.

लहानपणी डोक्याला किंवा मानेला रेडिएशन मिळालेलं असेल तर धोका वाढतो, हे पक्कं आहे. मोबाइलबद्दल विचारणा फार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, पण त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांतून कानाच्या गाठीशी संबंध सिद्ध झालेला नाही.

आनुवंशिक प्रकार मात्र वेगळे पाहायला हवेत. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील, किंवा तिशीच्या आत अशी गाठ निघाली, तर ‘एनएफ २’ची तपासणी सुचवली जाते. ‘एनएफ १’, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा पहिला प्रकार, त्याहून पुष्कळ जास्त आढळतो, साधारण तीन हजार जन्मांत एक. त्यातल्या निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ एवढ्यावर तो नाकारू नका, आणि सुनेच्या माहेरावर किंवा जावयाच्या घराण्यावर तर मुळीच ढकलू नका. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते, मुलगा असो की मुलगी.

काय जाणवलं तर थांबायचं नाही

कानाच्या गाठीची सुरुवात इतकी संथ असते की ती वयावर किंवा कानातल्या मळावर ढकलली जाते. घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. फोन एकदा उजव्या आणि एकदा डाव्या कानाला लावून तेच बोलणं ऐका. एका कानाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत आणि दुसऱ्याला सगळं स्पष्ट ऐकू येतं, असं असेल तर ऑडिओग्राम करून घ्या. दोन्ही कान वयानुसार बरोबरीने मंदावतात. एकच कान मागे पडत असेल तर त्याचं कारण शोधावंच लागतं. त्याच कानात सतत गुणगुण किंवा शिट्टी, अंधारात चालताना एका बाजूला झोक जाणं आणि पुढे चेहऱ्याच्या त्या बाजूला बधिरपणा ही लक्षणंही त्याच वाटेवरची.

याशिवाय:

- एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं, तर ती आणीबाणी समजा. कारण काहीही असो, स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकू येणं परतण्याची शक्यता जास्त असते. एमआरआय त्यानंतर करता येतो.
- पाठीचं दुखणं आडवं झाल्यावर, रात्री वाढत असेल, पायात ताकद कमी होत असेल, तर मणक्याचा एमआरआय लांबणीवर टाकू नका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- जुनी गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, कडक झाली, बसल्याजागी दुखू लागली किंवा बोटांतली ताकद गेली, तर साधी गाठ बिघडली का हे तातडीने पाहावं लागतं.

गाठीला हात लावण्याआधी

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दंडावर, कोपराजवळ किंवा मांडीत गाठ असते. तालुक्याच्या दवाखान्यात ती ‘चरबीची गाठ’ ठरते, भूल देऊन अर्ध्या तासात काढली जाते, आणि पट्टी सुटते तेव्हा मनगट उचलत नाही किंवा करंगळी वळत नाही. गाठीबरोबर नस गेलेली असते. ती जोडता येते, पण पूर्वीसारखा हात क्वचितच मिळतो. हे टाळण्यासाठी दोन साध्या खुणा पाहा. नसेवरची गाठ बोटांनी आडवी हलवता येते, पण नसेच्या लांबीच्या दिशेने, वरखाली, हलत नाही. आणि तिच्यावर हलकी टिचकी मारली तर मुंग्या बोटांपर्यंत किंवा पावलापर्यंत धावतात. यातली एकही खूण असेल तर सोनोग्राफी आणि एमआरआय झाल्याशिवाय चाकू लावू देऊ नका. सुई घालून तुकडा काढण्याची तपासणीही सरसकट करायची नसते. कॅन्सरची शंका असेल तेव्हा ती योग्य तज्ज्ञाकडून, सोनोग्राफी किंवा सीटीत पाहून करावी.

नस चोळून घेणं, ‘नस बसवणं’, डागणं, बिब्बा घालणं, हे सगळं बंद. बधिर झालेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही, आणि बिब्ब्याने झालेली जखम महिनोन्महिने चिघळत राहते. गाठ मात्र आहे तिथेच असते.

आपल्या भागात आणखी एक शक्यता कधीही विसरू नये: कुष्ठरोग. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते, करंगळीकडची बाजू बधिर होते, अंगावर कुठेतरी फिकट चट्टा असतो आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. हे चित्र गाठीचं वाटतं, पण ते पुष्कळदा कुष्ठरोगाचं असतं. देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. यावरची बहुविध औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, उपचार आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, आणि नसेला सूज असेल तर स्टेरॉइड वेळेवर दिल्याने हात वाचतो. अशा नसेवर गाठ समजून ऑपरेशन करणं हा दुहेरी घात आहे. म्हणून जाड नस आणि बधिर चट्टा एकत्र दिसले, तर हैदराबादचं तिकीट काढण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्वचारोग तज्ज्ञाला दाखवा. लाजेपोटी हे लपवलेले हात पुढे वाकडे होतात.

कोणत्या तपासण्या, आणि कुठे

यांतल्या बहुतेक नांदेडला, लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला होतात. त्यासाठी हैदराबादेत खोली घेऊन राहण्याची गरज नाही.

- कानासाठी: आवाजाचा आणि शब्दांचा, असे दोन्ही ऑडिओग्राम. नंतर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन, कानाच्या आतल्या नळीचे बारीक काप घेतलेला एमआरआय. नुसता ‘ब्रेन एमआरआय’ किंवा सीटी स्कॅन केला तर काही मिलिमीटरची गाठ निसटू शकते. चिठ्ठीवर ‘इंटर्नल ऑडिटरी कॅनल’ असा उल्लेख आहे का, ते बघून घ्या.
- हातापायासाठी: सोनोग्राफी, एमआरआय आणि गरज वाटल्यास नसेच्या वेगाची तपासणी.
- इंजेक्शनआधी: क्रिएटिनिन तपासलेलं असावं. मूत्रपिंडाचा त्रास, पेसमेकर, शरीरात धातूची पट्टी किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगा.

एमआरआयची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टच्या कागदापेक्षा प्रत्यक्ष चित्रं हवी असतात, आणि वर्षाने गाठ वाढली की नाही हे जुन्या चित्राशी ताडूनच कळतं. सीडी हरवली की तुमचं ते वर्ष वाया गेलं. फोनमध्ये, मुलाच्या संगणकावर, जमेल तिथे तिची प्रत ठेवा.

कानाच्या नसेची गाठ: तीन वाटा

एकाच गाठीसाठी तीन डॉक्टर तीन सल्ले देतात आणि रुग्णाला वाटतं, यांतले दोघं फसवताहेत. तसं सहसा नसतं. तिन्ही वाटा मान्यताप्राप्त आहेत, आणि कोणती तुमची हे गाठीचा आकार, वय, उरलेलं ऐकू येणं आणि तुमचं काम यांवरून ठरतं.

थांबून लक्ष ठेवणं. गाठ लहान असेल, मेंदूवर दाब नसेल, तर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरआय. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं वाढत नाहीत. वाढल्या तरी सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर. पासष्टी ओलांडलेल्या माणसासाठी ही पुष्कळदा सर्वांत शहाणी वाट असते. धोका एकच: दोन वर्षं काही झालं नाही म्हणून लोक तपासणी सोडतात. गाठ वाढली नाही तरी ऐकू येणं हळूहळू कमी होऊ शकतं, हेही आधीच माहीत असावं.

किरणोपचार. गॅमा नाईफ, सायबर नाईफ किंवा तशाच अचूक लिनॅक यंत्राने गाठीवर किरणं एकवटतात. कवटी उघडत नाहीत. साधारण अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना हा उपचार चालतो. गाठ नाहीशी होत नाही, वाढायची थांबते. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांत ती पुढे आटोक्यात राहते. इथे एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नसेल तर मी सांगतो. पहिल्या सहा ते अठरा महिन्यांत गाठ सुजून थोडी मोठी दिसू शकते. तेवढ्यावरून ‘उपचार फसला’ म्हणून ऑपरेशनच्या मागे धावू नका. पुढच्या एमआरआयपर्यंत थांबावं लागतं. चेहऱ्याची नस या उपचारात सहसा सुरक्षित राहते. ऐकू येणं मात्र वर्षांगणिक उतरू शकतं.

ऑपरेशन. गाठ मोठी असेल, मेंदूच्या देठावर दाब असेल, डोक्यात पाणी साचत असेल, तर हीच वाट. तीनपैकी एका बाजूने गाठीपर्यंत जातात. त्यातली कानाच्या आतून जाणारी पद्धत त्या कानाचं उरलंसुरलं ऐकू येणं संपवते, पण चेहऱ्याची नस तिच्यात चांगली दिसते. कान आधीच गेलेला असेल तर हा सौदा परवडतो. गेलेलं ऐकू येणं ऑपरेशनने परत येत नाही. ‘कान बरा होईल’ या आशेने सही करत असाल तर थांबा आणि पुन्हा विचारा.

चेहरा हलवणारी सातवी नस या गाठीला चिकटून जाते. मोठ्या गाठीत सर्जन त्या नसेवरचा पातळ थर मुद्दाम ठेवून देतात आणि नंतर त्यावर लक्ष ठेवतात किंवा किरणोपचार देतात. नातेवाईक म्हणतात, ‘अर्धंच ऑपरेशन केलं’. तसं नाही. चेहरा वाकडा होऊ नये म्हणून घेतलेला तो निर्णय असतो, आणि मला तो पूर्ण पटतो.

इतर गाठींचं काय

मॉर्टनसाठी आधी पुढून रुंद, मऊ तळव्याची चप्पल किंवा बूट आणि तळव्याखाली पॅड, त्याने भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, ऑपरेशन शेवटी. कापलेल्या नसेच्या न्यूरोमात आधी कृत्रिम पायाचा सॉकेट तपासून घ्या, कारण दाब बदलला की अर्धं दुखणं जातं. त्यानंतर नसेच्या दुखण्यावरची औषधं. साधी वेदनाशामक गोळी इथे फारशी चालत नाही. त्यानेही भागलं नाही तर नसेचं टोक स्नायूत पुरण्याची किंवा दुसऱ्या स्नायूच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात.

हातापायातला श्वानोमा लहान आणि बिनत्रासाचा असेल तर ठेवता येतो. मणक्यातला दाब देत असेल तर काढावाच लागतो, आणि वेळेत काढला तर निकाल चांगले असतात. ‘एनएफ १’मधल्या प्रत्येक गाठीला हात लावायचा नसतो, दुखणारी, वाढणारी किंवा रोजच्या कामात आड येणारी तेवढीच काढतात. मुलांमधल्या काढता न येणाऱ्या पसरट गाठींसाठी ‘सेल्युमेटिनिब’ या औषधाला २०२०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते फार महाग आहे. तुमच्या मुलासाठी ते उपयोगी आहे का, हे जनुकतज्ज्ञ आणि बालरोग कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायला हवं.

हैदराबादेत कुणाकडे जायचं

- पंजागुट्ट्याचं निम्स: मेंदू शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय जनुकशास्त्र दोन्ही एकाच आवारात. मेट्रोच्या पंजागुट्टा किंवा इर्रममंझिल स्थानकापासून जवळ. ही राज्य सरकारची स्वायत्त संस्था आहे. उपचार मोफत नाहीत, पण खासगीपेक्षा स्वस्त. ओपीडीची चिठ्ठी सकाळी लवकर काढावी लागते.
- उस्मानिया (अफझलगंज) आणि गांधी रुग्णालय (मुशीराबाद): सरकारी, मेंदू शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. कानाच्या तपासण्यांसाठी कोठीचं सरकारी ईएनटी रुग्णालय.
- रेड हिल्सचं एमएनजे कर्करोग रुग्णालय: बायोप्सीत कॅन्सर निघाला तर.
- सीडीएफडी, उप्पल: आनुवंशिक तपासण्यांची केंद्र सरकारची संस्था, तिथे निम्सच्या जनुकतज्ज्ञांमार्फत जाणं सोपं पडतं.

खासगी रुग्णालयांची यादी देण्याऐवजी पारखायचं कसं ते सांगतो. कानाच्या गाठीसाठी मेंदूचा सर्जन आणि ईएनटी सर्जन दोघंही तुम्हाला पाहतात का? तिथे किरणोपचार होत नसेल तर त्यासाठी दुसरीकडे पाठवतात का? ज्याच्याकडे फक्त शस्त्रक्रिया आहे तो शस्त्रक्रियाच सुचवतो, ज्याने महागडं यंत्र घेतलंय तो यंत्राकडे वळवतो. त्यामुळे तिन्ही वाटांबद्दल बोलणारा डॉक्टर मिळेपर्यंत दुसरं मत घ्या. साध्या गाठीत चार-सहा आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही.

पैसे आणि कार्ड

घरून निघण्यापूर्वी हे मिटवा. भरती झाल्यावर काही हाती राहत नाही.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या संलग्न रुग्णालयांसाठी आहे. ती हैदराबादला चालेल असं गृहीत धरू नका. आधी १५५३८८ वर विचारा. खर्चासाठी दुसरा आधार नसेल, तर मुंबई-पुण्याच्या किंवा जवळच्या संलग्न रुग्णालयातच ही शस्त्रक्रिया होते का, ते आधी पाहा. गाडीची सोय बघून रुग्णालय निवडणं इथे महागात पडतं.
- आयुष्मान भारत कार्ड परराज्यातही चालण्याची तरतूद आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरीपुढच्यांना ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं. पण तेच रुग्णालय, तोच विभाग आणि तीच शस्त्रक्रिया योजनेत असली पाहिजे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. १४५५५ वर विचारा, मग रुग्णालयातल्या मदत कक्षातून खात्री करा. आधी पैसे भरून नंतर परतावा मिळेल, या भरवशावर राहू नका.
- तेलंगणाची आरोग्यश्री फक्त तिथल्या अन्नसुरक्षा कार्डधारकांना, डिसेंबर २०२३पासून दहा लाखांपर्यंत. हैदराबादेत स्थायिक झालेल्या, पण शिधापत्रिका अजून गावाकडचीच ठेवलेल्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात घ्यावं. चौकशीचा क्रमांक १०४.
- खासगी विमा: ‘थांबून लक्ष ठेवा’ असा सल्ला मिळाल्यानंतर नवी पॉलिसी घेत असाल तर गाठ जाहीर करा. लपवलीत तर पुढे ऑपरेशनचा दावा नाकारला जातो. जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात आयसीयूचे दिवस, नसेचा मॉनिटर आणि बायोप्सी धरलेली आहे का, ते विचारा.

सही करण्यापूर्वी

संमतिपत्र इंग्रजीत किंवा तेलुगूत असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर तुम्हाला समजेल अशा भाषेत समजावून मागण्याचा हक्क तुमचा आहे. हैदराबादेत हिंदी बोलणारा कुणीतरी प्रत्येक वॉर्डात असतो. संकोच करू नका. हे प्रश्न वहीत लिहून न्या:

- ही नस गेली तर माझं कोणतं काम थांबेल, आणि ते किती शक्य आहे?
- तुम्ही स्वतः वर्षाला अशा किती गाठी काढता?
- ऑपरेशनच्या वेळी चेहऱ्याच्या किंवा हाताच्या नसेवर मॉनिटर लावणार का?
- आत्ता काहीच केलं नाही तर येत्या वर्षभरात काय होईल?
- गाठ पूर्ण निघाली नाही तर पुढचा बेत काय?

बायोप्सीसाठी दिलेली संमती म्हणजे गाठ काढायची संमती नव्हे. जीवाला तातडीचा धोका नसताना तपासणीच्या संमतीवर मोठी शस्त्रक्रिया उरकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. कागदपत्रांची लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. तिचा रिपोर्ट घ्या, आणि दुसरं मत हवं असेल तर स्लाइड आणि ब्लॉकही मागता येतात.

घरी आल्यावर

कानाच्या गाठीच्या ऑपरेशननंतर चेहऱ्याची एक बाजू सैल पडली तर सर्वांत आधी डोळा सांभाळायचा. पापणी पूर्ण मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, आणि नस सुन्न असेल तर टोचणीही जाणवत नाही. दिवसा तासा-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना चष्मा, रात्री मलम घालून पापणी मिटवायची आणि वरून कागदी टेप आडवी लावायची. गावाकडच्या धुळीत यातला एक दिवसही चुकवू नका. डोळा लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चेहऱ्याची नस पूर्ण कापली गेली नसेल तर हालचाल काही महिन्यांत, कधी वर्षभराने परत येते.

खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं थेंब-थेंब गळू लागलं, जखम ओली राहिली, ताप आणि मान आखडणं सुरू झालं, तर हैदराबादच्या तारखेची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूभोवतालचं पाणी गळत असण्याची ती खूण असते. चक्कर पहिल्या आठवड्यांत असतेच. पडून राहिल्याने ती लांबते, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले तोलाचे व्यायाम केल्याने कमी होते.

‘एनएफ १’ असलेल्या पालकांनी मुलांच्या अंगावरचे डाग मोजावेत: वयात येण्याआधी पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त असतील तर तज्ज्ञाला दाखवा. मग दरवर्षी डोळे, रक्तदाब, पाठीचा कणा आणि शाळेतली प्रगती तपासून घ्यायची.

अपंगत्व प्रमाणपत्राबद्दल शेवटी. २०१६च्या कायद्यात श्रवणदोष दोन्ही कानांवरून मोजतात, त्यामुळे एकच कान गेला असेल तर बहुधा लाभ मिळत नाही. हाताची किंवा पायाची ताकद कायमची गेली असेल तर मात्र चलनवलनाच्या अपंगत्वाखाली अर्ज करता येतो. तो यूडीआयडीच्या संकेतस्थळावर भरायचा, आणि तपासणी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या रुग्णालयात होते. हैदराबादचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आणि नसेच्या वेगाची तपासणी सोबत न्या.